चॉकलेट-कॉफीचे दाणे घरी करताना: पांढरा थर नेमका कशाचा?

चॉकलेट वितळवणे, मोल्डमध्ये ओतणे आणि थर्मामीटर वाचणे ज्यांना जमते, त्यांनीच कॉफीच्या भाजलेल्या दाण्यांवर चॉकलेटचा थर चढवण्याकडे वळावे, असे मी स्पष्टच सांगतो. मोल्डमधल्या चॉकलेटला साच्याची गुळगुळीत बाजू आयती मिळते. दाणा मात्र चहूबाजूंनी उघडा असतो, त्यामुळे हाताचा, हवेचा आणि तापमानाचा प्रत्येक दोष त्याच्यावर उमटतो. तरीही यंत्राशिवाय, घरच्या स्वयंपाकघरात, विकण्याजोगे दाणे होतात, याबद्दल शंका बाळगू नये.

दाणे चिकमगळूर किंवा कोडगूकडच्या अरेबिकाचे, मध्यम भाजलेले घ्यावेत. फार काळ्या भाजणीच्या दाण्यांवर तेल सुटलेले असते आणि ते चॉकलेटमधल्या कोकोआ बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या स्वतःच्या चरबीत, मिसळून थर मऊ करते. पीबेरी मिळाल्यास उत्तम, कारण फळात एकच बी धरल्यामुळे तो दाणा गोलसर असतो. नेहमीच्या दाण्याची एक बाजू सपाट असते आणि अशा दोन सपाट बाजू एकमेकींना चिकटल्या की सोडवता सोडवत नाहीत. विकत घेण्यापूर्वी एक दाणा चावून पाहावा. तो दाताखाली कडकन फुटला पाहिजे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पाकिटातला दाणा सादळतो, आणि सादळलेल्या दाण्यावर कितीही उंची चॉकलेट चढवले तरी खाणाऱ्याच्या तोंडात शेवटी चिवट चोथाच उरतो.

कंपाउंड चॉकलेटबद्दल माझे मत कडक आहे. त्यात कोकोआ बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असल्यामुळे टेंपरिंग, म्हणजे चॉकलेट मोजून तापवून-निववून त्यातल्या चरबीचे स्फटिक नीट बसवणे, करावे लागत नाही, एवढाच त्याचा गुण. कॉफीच्या कडवटपणापुढे त्याची चव मेणासारखी लागते. हात बसवण्यासाठी पहिला घाणा कंपाउंडचा करायला हरकत नाही, परंतु त्याच सवयीत राहू नये. चकाकीसाठी चमचाभर तेल घालण्याचा सल्ला तर ऐकूच नये.

डार्क कुव्हर्चर, म्हणजे कोकोआ बटर भरपूर असलेले अस्सल चॉकलेट, ४५ ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवावे, आचेवरून उतरवून त्यात बाजूला ठेवलेले एक तृतीयांश चिरलेले चॉकलेट घालावे आणि ढवळत ढवळत ३१-३२ अंशांवर आणावे. कोकोआ बटरचे स्फटिक सहा प्रकारचे असतात. त्यांपैकी पाचवा प्रकार चकाकी आणि कडकपणा देतो, आणि चिरलेल्या घन चॉकलेटमधून तोच आपण आत पेरत असतो. पसरट भांड्यात खोलीच्या तापमानाचे दाणे घेऊन त्यांवर एक-दोन चमचेच चॉकलेट टाकावे, दाणे सुटे होईपर्यंत हलवत राहावे, थर घट्ट झाला की पुढचा द्यावा. १०० ग्रॅम दाण्यांना साधारण २०० ते २५० ग्रॅम चॉकलेट बसते. घाई केली तर दाण्यांचे लाडू होतात. शेवटचा थर पुरता आवळण्याआधी कोको पावडरीत घोळवल्यास दाणे चिकटत नाहीत आणि नवशिक्या हाताचे बरेचसे उणे झाकले जाते.

आता ज्या गोष्टीने मला सर्वाधिक छळले तिच्याकडे वळतो. दाणे सुबक होतात, फ्रिजमध्ये आवळून डब्यात भरले जातात आणि थोड्याच वेळात त्यांच्यावर पांढुरका थर दिसू लागतो. पुस्तके आणि शिक्षक लगेच टेंपरिंगकडे बोट दाखवतात, कारण ते चुकले की चॉकलेटमधली चरबी वर येऊन पांढरी दिसते, म्हणून मीही थर्मामीटर बदलले, चॉकलेट बदलले, अंश न् अंश मोजला, आणि पांढरेपणा जसाच्या तसा राहिला. कारण तो चरबीचा नव्हताच, साखरेचा होता, आणि त्याचे मूळ फ्रिजमध्ये होते. ठाणे-मुंबईसारख्या दमट हवेत खोलीचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर साधारण २५ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. फ्रिजमधला दाणा चार-पाच अंशांवर असतो. तो बाहेर काढताच त्यावर पाण्याचा पापुद्रा बसतो, कधी कधी डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ. त्यात वरची साखर विरघळते, पाणी उडून जाते आणि साखर खरखरीत पांढऱ्या कणांच्या रूपाने मागे राहते. हे सारे घडत असताना टेंपरिंग निर्दोष असू शकते.

म्हणून काहीही बदलण्याआधी निदान करावे. कोको पावडर न लावलेल्या दाण्यावरून बोट फिरवावे: चरबीचा थर बोटाच्या उबेने तुपकट होऊन पुसला जातो, साखरेचा कोरडा आणि खरबरीत लागतो. त्याच जागी पाण्याचा बारीक थेंब ठेवला, तर चरबीवर तो मण्यासारखा उभा राहतो आणि साखरेवर पसरतो. चरबीचा दोष असेल तर टेंपरिंग किंवा साठवणीतले तापमान सुधारावे. साखरेचा असेल तर फ्रिजला हात लावू नये. एसी २० ते २२ अंशांवर ठेवलेल्या खोलीत दाणे उघडेच आवळू द्यावेत, कारण एसी हवेतला ओलावाही काढून घेतो. एसी नसेल तर डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे काम करावे. फ्रिजला पर्यायच नसेल, तर दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात भरूनच आत ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर डबा पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. मग दव डब्याला बाहेरून धरेल आणि तिथेच सुकेल. हे एवढे साधे आहे, आणि कोणी आधी सांगितले असते तर किती चॉकलेट वाचले असते!

चॉकलेट शिकवणाऱ्या शनिवार-रविवारच्या वर्गांत हे का कळत नाही, याचे कारण मला असे वाटते की ते वर्ग वातानुकूलित सभागृहात होतात आणि तिथे दव धरायची संधीच नसते. शिकवणारे खोटे बोलत नाहीत. तुमच्या ओट्याजवळची हवा त्यांनी पाहिलेली नसते, इतकेच. वर्गाची फी भरण्याऐवजी आधी एक साधा आर्द्रतामापक घ्यावा, असे मी कोणालाही सांगेन. पांढरे पडलेले दाणे टाकून देऊ नयेत. ते खाण्यास सुरक्षित असतात, फक्त विकू नयेत.

विक्री करायची झाल्यास एफएसएसएआयची, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करावी आणि कॅफीनचा हिशेब ठेवावा. गाळलेल्या कॉफीत चोथा मागे राहतो, इथे अख्खा दाणा पोटात जातो. १० ग्रॅम भाजलेल्या अरेबिकात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि रोबस्टात जवळजवळ दुप्पट. दुप्पट चॉकलेट चढवलेल्या दाण्यांची ३० ग्रॅमची मूठ म्हणजे एक चांगला कडक कप झाला, आणि अशी मूठ गप्पांच्या ओघात सहज संपते. लहान मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी पाकिटावर ठळक सूचना छापावी, आणि दाण्यांत रोबस्टा मिसळला असेल तर तेही लिहावे.