लहान मुलांचा कॅन्सर : या चुका टाळा, स्टेरॉईडची तर नक्कीच

आधी एक सांगून टाकते. मुलांचा कॅन्सर मोठ्यांसारखा तंबाखू-दारूने होत नाही, आणि आईने गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, अमुक खाल्लं म्हणून तर अजिबात होत नाही, तेव्हा सुनेला बोल लावणं पहिल्या दिवशीच बंद करा. दुसरं, यातले बरेच कॅन्सर पूर्ण बरे होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत ८०% च्या वर मुलं बरी होतात आणि बऱ्याच गरीब देशांत ३०% सुद्धा नाही. आता गंमत बघा, ब्लड कॅन्सरची मुख्य औषधं जुनीच आहेत आणि आपल्याकडे मिळतात. आपल्याकडे घोळ होतो तो बहुतेक वेळा औषध सुरू व्हायच्या आधी, नाहीतर मध्येच सोडण्यात. फाईल काढायला, योजनेचे कागद जमवायला मदत मागणाऱ्या आईबापांकडून मी त्याच त्याच गोष्टी ऐकत आलेय, म्हणून लिहायला घेतलं.

प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच

पावसाळ्यात हे सगळ्यात जास्त चालतं. पोराला ताप, पायावर लाल ठिपके, प्लेटलेट ४० हजार, की घरात पपईच्या पानांचा रस काढायला सुरुवात. डेंग्यू असूही शकतो, नाही कोण म्हणतंय, पण डेंग्यूत उतरलेल्या प्लेटलेट साधारण आठ-दहा दिवसांत वर यायला लागतात. त्यामुळे सीबीसीचा कागद हातात आला की नुसती प्लेटलेटची ओळ वाचून घडी घालू नका, वर हिमोग्लोबिन किती आहे ते बघा, पांढऱ्या पेशी बघा. हिमोग्लोबिन ६-७ वर आलंय, पोरगं पांढरंफटक पडलंय, पांढऱ्या पेशी एकतर भलत्याच जास्त नाहीतर भलत्याच कमी, आणि ताप दोन आठवडे येतोय-जातोय, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "पेरिफेरल स्मीअर करून घ्यायचा का?" म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघायचं. मशीन कधीकधी ब्लास्ट पेशी (ब्लड कॅन्सरच्या कच्च्या पेशी) लिम्फोसाईट किंवा मोनोसाईट, म्हणजे साध्या पांढऱ्या पेशी म्हणून मोजून मोकळी होते, डोळ्याने बघणारा माणूस सहसा तसं करत नाही. टेस्ट महाग नाही. आणि रिपोर्टमध्ये "ब्लास्ट" हा शब्द दिसला तर सोमवारी बघू असं म्हणू नका, त्याच दिवशी निघा.

सांधे दुखतात म्हणून स्टेरॉईड

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, हाडांच्या आतला मगज खराब पेशींनी भरतो, म्हणून मूल लंगडतं, रात्री रडतं, उचलून घ्या म्हणतं. मग कुणीतरी म्हणतं संधिवात असेल, आणि प्रेडनिसोलोन किंवा डेक्सा सुरू होतं. चार दिवसांत पोरगं उड्या मारायला लागतं, घरचे खूश, डॉक्टर देवमाणूस! पण हेच स्टेरॉईड ल्युकेमियाच्या ट्रीटमेंटमधलं पहिलं हत्यार आहे. ते एकटंच, अर्धवट डोसमध्ये दिलं की काही पेशी मरतात, लक्षणं झाकली जातात, बोन मॅरो (त्या मगजाची तपासणी) केला तरी चित्र गढूळ दिसतं, निदान काही आठवडे पुढे जातं आणि तोवर दबून बसलेल्या पेशी परत डोकं काढतात. शिवाय रोग कुठल्या रिस्कचा हे नीट ठरवता येत नाही, मग बऱ्याचदा जास्त कडक केमो द्यावी लागते. पेशी एकदम फुटल्या तर युरिक ॲसिड, पोटॅशियम वाढून किडनीवर येतं ते वेगळंच. गळ्याच्या गाठींना, नुसत्या कमी प्लेटलेटला स्टेरॉईड देतात तिथेही हाच धोका. आधी स्मीअर, मग स्टेरॉईड, एवढं पाठ करा.

आणि समजा आधीच दिलं गेलं असेल तर लपवू नका. गावचे डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांचं नाव कशाला घ्या, म्हणून लोक गप्प बसतात. नाव नका घेऊ हवं तर, पण गोळीचं नाव, किती दिली, कुठल्या तारखांना दिली हे कॅन्सरच्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे, रिकामं पाकीट असेल तर तेच घेऊन जा.

गाठ आहे, एकेटी (टीबीची औषधं) चालू करा

आपल्याकडे टीबी भरपूर आहे, त्यामुळे मानेला गाठ आली की टीबी आठवणं साहजिकच. पण गाठीतला नमुना न तपासता अंदाजाने एकेटी सुरू करायची आणि गाठ वाढत असताना "कोर्स पूर्ण होऊ द्या" म्हणत महिने काढायचे, यात लिम्फोमा, म्हणजे या गाठींचाच कॅन्सर, हातातून निसटतो. न दुखणारी, रबरासारखी, वाढत जाणारी गाठ, त्यातून गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल तर बायोप्सी सांगतील, घाबरू नका, करा. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती ऐकून लोक पळतात. कुठली गाठ कशी तपासायची ते त्यातल्या डॉक्टरांना ठरवू द्या.

बाकीची पटापट

डोळा : फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बुबुळात लाल ठिपक्याऐवजी पांढरी चमक, किंवा डोळा नव्याने तिरळा. "मांजरडोळा आहे, मोठा झाला की जाईल" हे कुणी सांगितलं तरी ऐकू नका. कधी मोतीबिंदू निघतो, कधी फोटोचा अँगल असतो, पण रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) असेल तर तो बहुतेक पाच वर्षांच्या आतच येतो आणि लवकर सापडला तर डोळासुद्धा वाचवता येतो. उशीर झाला की डोळा काढायला सांगतात, तेव्हा घरचे मुलाला घेऊन निघून जातात, आणि मग जीवावर बेततं. दोन्ही डोळ्यांना असेल तर धाकट्या भावंडांचे डोळे पण तपासून घ्या.

पोट : आंघोळ घालताना एका बाजूला टणक गोळा लागला तर तो वायगोळा समजून तेल लावून चोळू नका. तीन-चार वर्षांच्या मुलात किडनीची गाठ, विल्म्स ट्यूमर, अशीच सापडते, आणि दाबल्याने फुटू शकते. आल्यागेल्या प्रत्येकाला हात लावून बघायला देऊ नका, सोनोग्राफी करा.

गुडघा : दहावीतला पोरगा, क्रिकेट खेळताना लागलं म्हणतो, पण दुखणं रात्री जास्त आणि सूज उतरत नाही. हाडवैद्याकडे आठवडे घालवण्याआधी एक एक्सरे काढा. एक्सरेत हाडाच्या कॅन्सरची शंका आली तर बायोप्सी पुढचं ऑपरेशन करणाऱ्या टीमकडेच करा, चीर चुकीच्या जागी पडली तर पाय वाचवणं अवघड होतं.

डोकं : सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी, उलटी झाली की बरं वाटतं, चालताना तोल जातो. लहान मुलाचं "पित्त" इतके दिवस नसतं, मेंदूत गाठ असू शकते.

केमो सुरू झाल्यावरच्या चुका

ताप. १००.४ फॅरनहाइट दिसला की पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. काउंट (रक्तातल्या पेशी) पडलेले असताना साधं इन्फेक्शन काही तासांत रक्तात जातं, हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक लागलं पाहिजे, असा हिशेब असतो. म्हणून गावी जाताना जवळच्या हॉस्पिटलसाठी आपल्या डॉक्टरांचं पत्र फाईलमध्ये वरच लावून न्या आणि थर्मामीटर पिशवीत असू द्या, कपाळाला हात लावून ताप बघणं आता बास. गल्लीतल्या दवाखान्यात कंबरेत इंजेक्शन नको, ब्रुफेन-ॲस्पिरिन नको, प्लेटलेट कमी असताना रक्त थांबत नाही. शेजारी कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी फोन करा. आणि लस कुठलीही असो, भावंडाच्या पोलिओच्या डोसासकट, आधी विचारा.

महिन्याभराने रिपोर्ट येतो, ब्लास्ट दिसत नाहीत. इथे बरेच जण घरी जातात ते परत येतच नाहीत, पेरणी आहे, दुसरं मूल सासूकडे आहे, पैसे संपलेत, आणि पोरगं तर ठणठणीत. हरळी वरवर खुरपल्यासारखं आहे हे. मुलांत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ल्युकेमियाची (एएलएल) ट्रीटमेंट साधारण दोन ते अडीच वर्षं चालते, त्यातला शेवटचा लांबलचक भाग घरी गोळ्या खाण्याचा, आणि तिथेच ढिलाई होते. सिक्स-एमपीची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदाच, ही वाटणी उलटी झाली तर मेथोट्रेक्सेट रोज पोटात जाऊन जीवघेणं ठरू शकतं. कालनिर्णयवर वार गोल करून ठेवा आणि गोळी दिली की त्यावर फुली मारा. (जाता जाता, मेथोट्रेक्सेटच्या घराण्यातलं पहिलं औषध अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या माणसाच्या टीमने बनवलं आणि १९४७ मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना देऊन बघितलं. शाळेत कुणी शिकवत नाही.) गोळीने उलटी झाली, काउंट खाली आले तर डोस कमी-जास्त डॉक्टर करतात, आपण परस्पर नाही. सोबत कुणाचं चूर्ण, काढा, भस्म चालू असेल तर तेही सांगा, ते ओरडतील म्हणून लपवू नका.

पैशाचं म्हणाल तर शेत विकायला काढण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्याला सवलत आहे, मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड आहे. आणि टाटाचाच नंबर लागू दे म्हणत घरी बसून राहू नका. बार्शी, नागपूर, पुणे, संभाजीनगर, गोव्यात बांबोळी, जवळ जिथे सोय असेल तिथे दाखवा, फक्त मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर आहेत का ते आधी विचारा, मोठ्यांच्या ओपीडीत मुलाची ट्रीटमेंट वेगळी पडते.

ट्रीटमेंट संपली की फाईल माळ्यावर टाकू नका. कुठलं औषध एकूण किती गेलं, रेडिएशन कुठे दिलं, याचा एक पानी सारांश मागून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध गेलेल्या मुलाला पुढे अधूनमधून टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो, आणि वीस वर्षांनी नव्या डॉक्टरला ते औषध कधी, किती दिलं हे त्या कागदाशिवाय कळणार नाही.