मूल परदेशी विद्यापीठात शिकण्याचा विचार करत असेल तर पालकांनी काय करावे

परदेशी शिक्षणाचा विषय घरात निघाला की चर्चा बहुधा एखाद्या देशाच्या नावापासून सुरू होते आणि लगेच खर्चाच्या आकड्यांवर येऊन थांबते. या दोन्हींच्या आधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, ती म्हणजे या सगळ्या व्यवहारात पालकांचे स्थान नेमके कोणते. विद्यापीठाच्या लेखी अर्जदारही मूलच आणि विद्यार्थीही मूलच असते. अमेरिकेत १९७४ मध्ये झालेल्या ‘फर्पा’ या कायद्यानुसार विद्यार्थ्याने वयाची १८ वर्षे पूर्ण केली, किंवा त्याआधीच तो उच्च शिक्षणसंस्थेत दाखल झाला, की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. शुल्क पालकांनी भरले असले तरी संस्था त्यांना गुण कळवण्यास बांधील नसते. ब्रिटनमधील विद्यापीठेही विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याच्या प्रगतीविषयी पालकांशी सहसा बोलत नाहीत. पुढे जे होणारच आहे त्याची सवय आधीपासून व्हावी, म्हणून खालील प्रत्येक टप्प्यावर कामाचा थोडा थोडा भाग मुलाकडे सोपवत जावा.

१. आधी हेतू समजून घ्यावा

“मला बाहेर शिकायचे आहे” या एका वाक्यामागे निरनिराळ्या इच्छा असू शकतात. हवा तो विषय जवळपास नीट शिकवला जात नसेल, पुढे तिकडेच नोकरी करायची असेल, मित्रमैत्रिणी निघाल्या असतील किंवा घरापासून लांब राहून पाहायचे असेल. यातले कोणतेही कारण मुळात चुकीचे नाही, पण प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे. विषय महत्त्वाचा असेल तर अभ्यासक्रमाची रचना पाहावी लागते, नोकरी महत्त्वाची असेल तर शिक्षणानंतर राहू देणारे व्हिसाचे नियम पाहावे लागतात, आणि नुसते लांब राहायचे असेल तर दुसऱ्या शहरातले विद्यापीठ किंवा एखाद्या सत्राचा विनिमय कार्यक्रमही पुरतो. या टप्प्यावर पालकांनी मत देण्याची घाई करू नये. त्याऐवजी मुलाला तीन अभ्यासक्रमांचे वर्षवार विषय वाचायला सांगावेत आणि त्यांतले काय आवडले, काय कंटाळवाणे वाटले ते लिहून काढायला सांगावे. माहितीपत्रकातली छायाचित्रे पाहणारे, पण दुसऱ्या वर्षाचे विषय न वाचणारे मूल अजून तयार नाही, असे खुशाल समजावे.

अभ्यासक्रमाच्या रचनेकडे पालकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. इंग्लंडमध्ये पदवी साधारणपणे तीन वर्षांची असते आणि विषय अर्ज करतानाच ठरवावा लागतो. नंतर तो बदलायचा तर अनेकदा पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. स्कॉटलंडमध्ये पदवी चार वर्षांची असून पहिली दोन वर्षे तुलनेने मोकळी असतात. अमेरिकेतही चार वर्षे लागतात आणि मुख्य विषय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवता येतो. युरोपातील अनेक देशांनी उच्च शिक्षणात सारखेपणा आणण्यासाठीच्या १९९९ च्या बोलोन्या घोषणेनंतर समान श्रेयांक (क्रेडिट) पद्धत, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याची एकच पद्धत, स्वीकारली असून तिथे पूर्ण वेळ अभ्यासाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे धरले जाते. अर्थशास्त्र की इतिहास या पेचात असलेल्या मुलाला केवळ एक वर्ष वाचते म्हणून इंग्लंडला पाठवणे ही काटकसर नव्हे. तिथे विषय चुकला तर वाचलेले वर्ष परत द्यावे लागते आणि वर त्याचे शुल्कही.

पदवी घरच्या देशात करून पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जाणे हा पर्यायही याच वेळी मांडावा. विषयाची खात्री नसलेल्या १७-१८ वर्षांच्या मुलांसाठी माझ्या मते तोच अधिक शहाणपणाचा ठरतो.

२. पैशाचा आकडा विद्यापीठांची यादी होण्याआधी सांगावा

घरातील आर्थिक स्थिती मुलापासून लपवून ठेवायची आणि प्रवेश मिळाल्यावर “परवडणार नाही” म्हणायचे, हे दोघांनाही जड जाते. म्हणून यादी करण्यापूर्वीच आपण किती देऊ शकतो, किती कर्ज काढण्याची तयारी आहे आणि त्यापलीकडे काय शक्य नाही, हे स्पष्ट आकड्यांत सांगावे. हिशेब एका वर्षाचा न करता संपूर्ण अभ्यासक्रमाचा करावा. त्यात शुल्क, निवास, जेवण, विमा, व्हिसा, प्रवास आणि पुस्तके हे सारे धरावे, दरवर्षी होणारी शुल्कवाढ मोजावी आणि चलनाचा दर आपल्या विरुद्ध फिरला तर काय, याचाही अंदाज घ्यावा. कर्ज एका चलनात आणि खर्च दुसऱ्या चलनात असेल तर ही शेवटची बाब फार महत्त्वाची ठरते.

शिक्षण मोफत आहे याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण बाडेन-व्यूर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय राहण्याखाण्याच्या खर्चाची तरतूद दाखवण्यासाठी बहुतेक विद्यार्थी गोठवलेले खाते उघडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठीची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरवण्यात आली आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. ब्रिटनच्या व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात तेव्हा ते सलग २८ दिवस असावे लागतात. मध्ये एक दिवस जरी शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. हे आकडे आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत.

शिकता शिकता काम करून खर्च भागेल, या भरवशावर हिशेब मांडू नये. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात विद्यापीठाबाहेर २४ तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास एवढीच कामाची मुभा आहे. अमेरिकेत पहिल्या वर्षी साधारणपणे विद्यापीठाच्या आवारातच आणि आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. या कमाईतून हातखर्च निघेल, पण शिक्षणशुल्क तिच्यावर सोडता येत नाही. शिष्यवृत्तीची बातमी आली तर आनंद मानण्याआधी ती किती वर्षांची आहे आणि पुढे चालू राहण्यासाठी किती गुण टिकवावे लागतात, हे मुलाने वाचून पालकांना सांगावे.

३. संस्था आणि पदवी दोन्ही पडताळाव्यात

कॅनडात परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेल्या संस्थांची सरकारी यादी आहे, ऑस्ट्रेलियात ‘क्रायकॉस’ ही नोंदवही आहे आणि ब्रिटनमध्ये परवानाधारक प्रायोजकांची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसासाठी पुरस्कृत करू शकणाऱ्या संस्थांची, यादी गृहखाते प्रसिद्ध करते. ज्या संस्थेचे नाव अशा यादीत नाही तिचा विचार तिथेच सोडावा. जागतिक क्रमवारीत संशोधन आणि त्याचा इतरांनी केलेला उल्लेख यांना मोठे वजन असते. पहिल्या वर्षाच्या वर्गात कोण आणि कसे शिकवते हे त्यातून कळत नाही. म्हणून क्रमवारीपेक्षा विभागाचे अभ्यासक्रम, वर्गांचा आकार आणि पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण पाहावे.

वैद्यक, कायदा, वास्तुकला अशा परवाना लागणाऱ्या व्यवसायांत आणखी एक पायरी वगळता येत नाही. जिथे पुढे व्यवसाय करायचा आहे त्या देशाच्या नियामक संस्थेकडून ही पदवी मान्य आहे का आणि त्यानंतर कोणती परीक्षा द्यावी लागेल, हे लेखी स्वरूपात मिळवावे. विद्यापीठाच्या प्रतिनिधीने तोंडी दिलेले आश्वासन इथे उपयोगाचे नाही.

सल्लागारांची मदत घ्यायला हरकत नाही, मात्र अनेक विद्यापीठे दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे सल्लागाराला कमिशन देतात, हे माहीत असावे. “आपण कोणकोणत्या विद्यापीठांकडून कमिशन घेता?” हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा, उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. कोणताही सल्लागार प्रवेशाची किंवा व्हिसाची हमी देऊ शकत नाही.

४. अर्जाचे वेळापत्रक मुलाने आखावे, पालकांनी वाचावे

वर्ग सुरू होण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी काम हाती घ्यावे. उत्तर गोलार्धात वर्ष बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, तर ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते. आयईएलटीएस आणि टोफेल या भाषा परीक्षांचे निकाल दोन वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे फार आधी परीक्षा देऊन उपयोग नाही. ब्रिटनमधील पदवीचे अर्ज ‘यूकास’ या केंद्रीय प्रवेशअर्ज सेवेमार्फत होतात आणि त्यात जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी त्या वर्षी साधारणपणे एकाच ठिकाणी अर्ज करता येतो आणि त्याची मुदत इतरांपेक्षा बरीच आधी, ऑक्टोबरच्या मध्याला संपते.

अमेरिकेतील ‘अर्ली डिसिजन’ या प्रकाराकडे पालकांनी स्वतः लक्ष द्यावे. त्यात प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याचे आणि इतर अर्ज मागे घेण्याचे बंधन असते, आणि करारावर विद्यार्थ्याबरोबर पालकाचीही सही लागते. आर्थिक मदतीचे प्रस्ताव शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी यात जाते, म्हणून खर्चाची खात्री नसलेल्या कुटुंबाने हा मार्ग टाळावा.

अर्जासोबतचा निबंध पालकांनी लिहू नये आणि कोणाकडून लिहूनही घेऊ नये. परक्याने लिहिलेला निबंध उघडकीस आला तर प्रवेश रद्द होऊ शकतो. शिवाय वयाच्या १७ व्या वर्षी पन्नाशीतल्या माणसासारखे बोलणारे लेखन वाचणाऱ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. पालकांचे काम कागदपत्रांचे आहे. पासपोर्ट, गुणपत्रके आणि जन्मदाखला यांवरील नावाचे स्पेलिंग तंतोतंत जुळते का ते पाहावे, पासपोर्टची मुदत पुरेशी आहे का ते तपासावे, आणि जिथे मागणी असेल तिथे १९६१ च्या हेग करारानुसार दिले जाणारे ‘अपोस्टिल’ प्रमाणन (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून त्यावर मिळणारा सरकारी शिक्का) वेळेत करून घ्यावे. यात अनेक आठवडे जाऊ शकतात.

५. प्रवेशपत्र आल्यावर पैसे भरण्याआधी थांबावे

प्रवेश सशर्त आहे की बिनशर्त, आणि व्हिसा नाकारला गेला तर आगाऊ रकमेपैकी किती परत मिळते, हे दोन मुद्दे आधी वाचावेत. शुल्क विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर दिलेल्या मार्गानेच भरावे. “आमच्यामार्फत भरा, सवलत मिळेल” असे सांगणारा तिऱ्हाईत बहुधा चोरलेल्या कार्डाने शुल्क भरतो आणि तुमचे पैसे घेऊन नाहीसा होतो. व्हिसाची मुलाखत असेल तर उत्तरे मुलालाच द्यायची असतात, म्हणून खर्च कोण करणार आणि हाच अभ्यासक्रम का निवडला, हे त्याला न अडखळता सांगता आले पाहिजे. मूल १८ वर्षांखालील असेल तर पालकांचे संमतिपत्र आणि काही देशांत स्थानिक पालक नेमण्याची अट असते.

६. आरोग्याची व्यवस्था निघण्यापूर्वी पूर्ण करावी

ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा आरोग्यविमा घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी विद्यार्थ्यांनी भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड असून तो पूर्ण मुदतीसाठी व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा असतो. मात्र दात आणि डोळे यांच्या खर्चाबाबत विम्यात काय आहे आणि काय नाही, हे वेगळे विचारावे. नियमित औषध चालू असेल तर ते त्या देशात कायदेशीर आहे का ते पाहावे, कारण झोपेची, वेदनाशामक आणि लक्ष एकाग्र करण्यासाठी दिली जाणारी काही औषधे अनेक देशांत नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या व्यापारी नावाने न घेता मूळ रासायनिक नावाने घ्यावी.

नैराश्य, चिंताविकार किंवा वाचन-लेखनातील अडचण यांवर आधी उपचार झाले असतील तर ते दडवू नये. विद्यापीठांत यासाठी स्वतंत्र कक्ष असतात आणि परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सोयी मिळतात, परंतु त्या मागितल्याशिवाय आणि दाखला दिल्याशिवाय मिळत नाहीत. याच सुमारास संमतीचा विषयही मुलाशी बोलून ठरवावा. ब्रिस्टल विद्यापीठाने २०१८ मध्ये, विद्यार्थ्याच्या स्वास्थ्याविषयी गंभीर चिंता वाटल्यास त्याने निवडलेल्या व्यक्तीला कळवण्याची संमती नोंदणीच्या वेळी विचारण्यास सुरुवात केली आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ती दिली. इतर ठिकाणीही अशी सोय आहे का, हे मुलाने शोधावे. तिथे कोणाचे नाव लिहायचे हे त्याचेच त्याने ठरवावे, आणि ते नाव पालकांचे नसले तरी मनाला लावून घेऊ नये.

७. पहिले सत्र

पहिल्या वर्षी निवास शक्यतो विद्यापीठाच्याच वसतिगृहात घ्यावा, आणि न पाहिलेल्या खोलीसाठी अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नयेत. फोन कधी आणि किती वेळा करायचा हे मुलाने सांगावे. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मधील लेखात परक्या समाजात जाणाऱ्याच्या मनःस्थितीचे टप्पे मांडले. त्यात सुरुवातीच्या उत्साहानंतर कठीण काळ येतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या आनंदी फोनवरून सारे ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये, आणि दुसऱ्या महिन्यातल्या रडव्या फोनवरून तिकीटही काढू नये. वर्ग बुडणे, झोपेचे चक्र उलटे होणे, पैशाविषयी तुटक उत्तरे येणे हे आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण कक्षाची माहिती मुलाला द्यावी. संकटाची शंका असेल तर स्वतःही तिथे कळवावे. कक्ष पालकांना माहिती देणार नाही, पण पालकांनी दिलेली माहिती घेतो.

मुलाने अभ्यासक्रम सोडण्याचे ठरवले तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलल्याशिवाय एकही विषय रद्द करू देऊ नये. अमेरिकेत परवानगीविना पूर्ण वेळेपेक्षा कमी विषय ठेवले तर विद्यार्थी व्हिसाचा दर्जा जातो आणि नंतर परत प्रवेश घेणे अवघड होते, तर रीतसर रजा घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे तिथूनच शिक्षण चालू ठेवता येऊ शकते. शुल्काचा परतावाही सत्राच्या ठरावीक आठवड्यापर्यंतच मिळतो, म्हणून ती तारीख विद्यापीठाच्या दिनदर्शिकेतून मुलाने आणि पालकांनी दोघांनीही सुरुवातीलाच टिपून ठेवावी.