ब्रिटिश पूर्वज शोधताय? आधी या चुका टाळा

मुलगा किंवा मुलगी लंडन-लीड्सकडे स्थायिक झाली, सून किंवा जावई तिकडचा मिळाला आणि नातवंडं झाली, की घरात कुणाला तरी वंशावळीचं वेड लागतं. आपल्या बाजूचं काम बऱ्याचदा अर्धं झालेलंच असतं. कुलवृत्तान्त छापलेला असतो, नाशिकला नाहीतर त्र्यंबकेश्वराला तीर्थोपाध्यायांकडे नामावळ असते, गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांच्या हातची नोंद समोर येते. तिकडच्या बाजूचंही असंच असणार, असं धरून लोक कामाला लागतात आणि पंधरा दिवसांत सोळाव्या शतकात जाऊन पोचतात. मी पुण्यात बसून इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचते, त्यांच्या सूची तयार करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. त्यामुळे ऑनलाइन येणाऱ्या शंकाही माझ्याकडे येतात. तेच प्रश्न, त्याच चुका आणि तीच घाई पाहून आता एकदा सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

दुसऱ्याची वंशावळ जशीच्या तशी उचलणं

सगळ्यांत जास्त नुकसान या चुकीने होतं. वंशावळीच्या संकेतस्थळांवर तुम्ही एक नाव टाकलं की लगेच सूचना येते: ‘हाच माणूस आणखी अमुक जणांच्या वंशावळीत आहे.’ तुम्ही ‘हो’ दाबता आणि त्याचे आईवडील, आजी-आजोबा सगळे आयते तुमच्या पानावर येऊन बसतात. त्या माणसांनी ही माहिती कुठून आणली, हे कुणी विचारत नाही.

ठाण्याच्या एका बाईंचं उदाहरण सांगते. जावई यॉर्कशायरचा, हॅलिफॅक्सच्या बाजूचा. बाईंनी मोठ्या हौसेने त्याची वंशावळ 1600 च्या आसपासपर्यंत नेली होती आणि नातवाच्या वाढदिवसाला ती मोठ्या कागदावर छापून द्यायची होती. ‘जरा नजर टाका’ म्हणून त्यांनी ती मला पाठवली. पाचव्या पिढीत एक विल्यम होता. बाप्तिस्मा 1822 चा, बाप शेतकरी. त्याच्या मागच्या सगळ्या पिढ्या या एका बाप्तिस्म्यावर उभ्या होत्या. कितीतरी वंशावळींत हाच विल्यम याच आईबापांसह होता, म्हणून बाईंची खात्री पटली होती. मी त्या वंशावळी उघडून पाहिल्या. एकीतही मूळ नोंदीचा उल्लेख नव्हता. प्रत्येकीने दुसरीचा दाखला दिला होता.

मग मी त्याच पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या भागाची, दफनांची वही काढली. 1813 पासून इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदी छापील नमुन्यात होऊ लागल्या. दफनाच्या नोंदीत वय आणि राहण्याचं ठिकाण असतं, बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा. 1824 च्या पानावर तोच विल्यम होता. तेच आडनाव, तीच वाडी, वय 2 वर्षं. दोन वर्षांचं पोर गेलं होतं, आणि ऑनलाइन त्याचं लग्न होऊन त्याला सात मुलं झाली होती.

खरा विल्यम कोण, ते कागदांनीच सांगितलं. जावयाच्या विल्यमचं लग्न 1837 नंतरचं, म्हणजे सरकारी नोंदणी सुरू झाल्यानंतरचं, त्यामुळे लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही बापांची नावं आणि धंदे होते. त्यात विल्यमचा बाप विणकर लिहिलेला, शेतकरी नव्हे. 1851 च्या जनगणनेत त्याचं जन्मगावही दुसरंच निघालं. पण त्या गावाच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा काही सापडेना. इथे मदत झाली ती त्याच भागात राहणाऱ्या आणि तिथलीच घराणी वर्षानुवर्षं धुंडाळणाऱ्या एका आजीबाईंची. ऑनलाइन प्रश्न वाचून त्यांनी एवढंच लिहिलं: त्या खोऱ्यातले बरेच विणकर चर्च ऑफ इंग्लंडला जात नसत, त्यांचं स्वतःचं चॅपल असे, तिथली वही बघा. असल्या बिगर-अँग्लिकन पंथांच्या वह्या 1837 नंतर सरकारने गोळा केल्या. आज त्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारात, आरजी 4 या मालिकेत आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ऑनलाइनही दिसतात. विल्यम तिथेच होता. बाप विणकर, आणि शेजारी आईचं माहेरचं नावसुद्धा.

बाईंना 1822 च्या मागचं सगळं काढून टाकावं लागलं. त्यांना फार वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण नातवाला मिळालेला कागद आता लहान असला तरी खरा आहे. बाकीच्या वंशावळींवर मी पुराव्यासकट टिपण ठेवलं. बहुतेकांनी काही बदललं नाही.

तेव्हापासून नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून माझा नियम आहे की जन्म सापडला की त्याच बैठकीत मृत्यू शोधायचा. निदान पुढच्या दहा वर्षांची दफनं चाळायचीच. पूर्वी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव सर्रास ठेवत, त्यामुळे एकाच घरात दोन विल्यम, दोन मेरी सापडतात. आणि वहीत मी नावाच्या आधी पुरावा लिहिते: कुठली वही, कुठलं पान, कुठे पाहिली. पुरावा नसेल तर नाव शिसपेन्सिलीने लिहायचं. दुसऱ्यांच्या वंशावळी वाचूच नका असं माझं म्हणणं नाही. कुठे शोधायचं हे त्यातून कळतं. त्यांना पुरावा मात्र मानू नका.

सूचीवर थांबणं

सूची म्हणजे नोंद नव्हे. सूची करणारी माणसं माझ्यासारखीच असतात, पुसट शाई आणि कुणा कारकुनाचं फराटेदार अक्षर वाचणारी. एल आणि एस, टी आणि एफ यांत भल्याभल्यांचा घोटाळा होतो. ‘जेएनओ’ म्हणजे जॉन, ‘जेएएस’ म्हणजे जेम्स, ही लघुरूपंही नवख्याला कळत नाहीत. जिथे प्रतिमा बघता येते तिथे बघाच.

सरकारी जन्मसूचीत जन्मतारीख नसते, नोंदणीची तिमाही असते. नोंदणीला 42 दिवसांची मुदत असे, म्हणून डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडतं. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे, पण जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत ते 1837 पासून मिळतं. फ्री-बीएमडी ही स्वयंसेवकांची सूची आणि ही सरकारी सूची, दोन्ही शेजारी उघडून बसा. एकीतलं चुकलेलं दुसरीत सापडतं.

शिवाय दाखला विकत घ्या. एका दाखल्याला लोक का-कू करतात आणि मग वर्षभर भलत्याच घराण्याच्या मागे जातात. बऱ्याच जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची डिजिटल प्रत कागदी दाखल्यापेक्षा स्वस्तात मिळते.

थोडक्यात काही गोष्टी

1841 च्या जनगणनेतलं वय खरं मानू नका. पंधरा वर्षांपुढच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणून 30 लिहिलेला माणूस 34 चा असू शकतो. त्या जनगणनेत नातंही लिहिलेलं नाही. एका छताखालचे सगळे आईबाप-मुलंच असतील असं नाही.

इंग्लंड-वेल्सची 1931 ची जनगणना शोधत बसू नका. ती 1942 च्या आगीत गेली आणि 1941 ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. 1921 नंतर थेट 29 सप्टेंबर 1939 चं रजिस्टर, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीला केलेली रहिवाशांची नोंद, बघायचं.

1752 च्या आधी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला सुरू होई. वहीत एप्रिल 1720 मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1720 मध्ये बाप्तिस्मा दिसला की लोक त्या बाईविषयी वाट्टेल ते बोलतात. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1721 चा, लग्नानंतर दहा महिन्यांनी.

स्कॉटलंडची नोंदणी वेगळी, 1855 पासूनची, आणि ती स्कॉटलंड्स-पीपल या संकेतस्थळावर मिळते. इंग्लंडच्या सूचीत स्कॉटिश माणूस सापडत नाही म्हणून रडू नका.

पहिल्या महायुद्धातल्या शिपायाचे सेवेचे कागद मिळाले नाहीत तर तुमचं काही चुकलेलं नसतं. 1940 च्या बाँबहल्ल्यात त्यांतले निम्म्याहून जास्त जळले.

आडनावाचं मानचिन्ह (ढालीवरचं घराण्याचं चिन्ह, ‘कोट ऑफ आर्म्स’) म्हणून जे विकतात ते घेऊ नका. इंग्लंडमध्ये मानचिन्ह विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

मदत मागण्याची पद्धत

‘जॉन स्मिथ, लंडन, 1850 च्या सुमारास. अर्जंट माहिती हवी.’ असे प्रश्न मी रोज वाचते. याला कोण काय उत्तर देणार? पुण्यात येऊन ‘मला कुलकर्ण्यांकडे जायचंय’ असं विचारण्यासारखं आहे हे.

चांगला प्रश्न कसा असतो ते दाखवते. ‘सारा. 1861 च्या जनगणनेत ब्रॅडफर्डला, वय 9, जन्म कीथली, बाप लोकर विंचरणारा. 1871 ला सापडत नाही. ब्रॅडफर्ड आणि कीथलीतली 1861 ते 1871 ची लग्नं पाहिली, मृत्यूची सूची अजून पाहिलेली नाही. घरातली माणसं मेथडिस्ट, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या एका पंथाची, असल्याचं बोललं जातं.’ याबरोबर आडनाव आणि त्याच्या माहीत असलेल्या वेगवेगळ्या स्पेलिंगा दिल्या की झालं. वाचणाऱ्याला कळतं की साल कशावरून काढलंय, कुठे बघून झालंय आणि कुठे राहिलंय. त्या गावाचा कुणी वाचत असेल तर एका ओळीत तुमचं काम होऊन जातं, जसं हॅलिफॅक्सचं झालं.

तुम्ही काय पाहिलं आणि तिथे सापडलं नाही, हे सांगायला लोक लाजतात. उलट तेच सगळ्यांत उपयोगाचं असतं. माझ्या वहीत ‘नाही सापडलं’ची पानं वेगळी आहेत, तारखेसकट, कारण सूचींत भर पडत राहते आणि तीच जागा पुन्हा पाहावी लागते.

एकच प्रश्न चार ठिकाणी टाकायचा असेल तर तसं प्रत्येक ठिकाणी लिहा. एकदा एका गृहस्थांसाठी एक स्वयंसेवक बस पकडून जिल्ह्याच्या अभिलेखागारात गेले, वही काढून पान उतरवून आणलं. तेच पान दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी आदल्या आठवड्यातच पाठवलेलं होतं. गृहस्थांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ही माणसं निवृत्त शिक्षक, नर्स, टपाल खात्यातली, स्वतःच्या खिशातून बसभाडं घालून हे करतात. उत्तर मिळाल्यावर गायब होऊ नका. उपयोग झाला की नाही, ते कळवा. उत्तर चुकीचं निघालं तरी कळवा, म्हणजे पुढच्याला तेच उत्तर जाणार नाही. आणि दोन दिवसांत उत्तर नाही म्हणून ‘कुणी आहे का?’ असं पुन्हा पुन्हा लिहू नका.

जिवंत माणसांची माहिती उघड्यावर टाकायची नाही. जावयाची जन्मतारीख, विहीणबाईंचं माहेरचं आडनाव, यांतलं काहीही नाही. बँका ओळख पटवायला हेच विचारतात.

भारतात जन्मलेल्याला इंग्लंडमध्ये शोधणं

जनगणनेत जन्मस्थळ ‘ईस्ट इंडीज’ दिसलं की लोक गोंधळतात आणि तरीही इंग्लंडची जन्मसूचीच चाळत राहतात. हिंदुस्थानातल्या ब्रिटिशांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं चर्चमध्ये नोंदली जात आणि त्यांच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत: बंगालच्या एन/1, मद्रासच्या एन/2, मुंबई इलाख्याच्या एन/3. त्यांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत, आणि एफआयबीआयएस (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेच्या स्वयंसेवकांनी केलेल्या सूची मोफत पाहता येतात. बाप फौजेत असेल तर 1761 ते 1924 च्या पलटणींच्या जन्मनोंदींची वेगळी सूचीही बघा. मुंबई इलाखा म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. कराची आणि एडनही त्यात होतं. खडकी ‘किर्की’ म्हणून सापडेल, अहमदनगर तर पाच-सहा तऱ्हांनी.

खडकीच्या वॉर सिमेटरीत 1870 चा शिपाई शोधायला येणारेही भेटतात. ती दफनभूमी दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठी केलेली आहे. पहिल्या महायुद्धातल्या ज्यांच्या दूरदूरच्या थडग्यांची निगा राखणं शक्य नव्हतं, त्यांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. त्याआधीचे शिपाई जुन्या छावण्यांच्या दफनभूमींत आहेत, आणि तिथे जाऊन पाहणं आपल्यालाच सोपं आहे. डर्बीचा म्हातारा देवळालीला येऊ शकत नाही, नाशिकचा माणूस रविवारी सकाळी जाऊ शकतो. जमलं तर जरूर जा. राखणदाराला विचारून आत शिरा. दगडावर खडू घासू नका, तारेच्या ब्रशने तर मुळीच नाही. सकाळचं तिरपं ऊन असताना अक्षरं आपोआप उठून दिसतात. एक फोटो पूर्ण दगडाचा, एक मजकुराचा जवळून, आणि शेजारच्या दगडांचेही काढा, कारण घरातली माणसं अनेकदा जवळजवळ पुरलेली असतात. फोटोबरोबर दफनभूमीचं नाव, रांग आणि तारीख लिहून पाठवा. नुसता दगड मिळाला तर तो कुठल्या गावातला हे शोधण्यातच समोरच्याचा आठवडा जातो.