ज्वारी-तांदळाचे केळे-चिकू मफिन : गव्हाशिवाय, घरच्या घरी

ज्वारीची भाकरी थापणाऱ्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. गार पाण्यात मळलेले पीठ थापताना कडेने चिरते, आणि आधणाच्या पाण्यात मळलेले पीठ एकसंध राहते. गव्हाचे पीठ भिजवले की त्यातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते, आणि पोळी पातळ लाटता येते ती या जाळ्याच्या जोरावर. ज्वारीत असे जाळे होत नाही, म्हणून उकळत्या पाण्याने तिच्यातील स्टार्च अर्धवट शिजवून चिकटपणा आणावा लागतो. ग्लुटेनमुक्त मफिनचे बरेचसे गणित एवढ्यातच आहे. तरीही अनेक जण महागडी तयार मिश्रणे आणून मैद्याच्या मफिनची नक्कल करायला जातात आणि हाती येणारा कोरडा, वाळूसारखा कचकचणारा भुगा पाहून हात टेकतात. पुढील कृती ज्वारी, मोदकाची पिठी, साबुदाणा, केळी आणि चिकू यांची आहे. तिच्यात बारा मफिन होतात.

मी हे मफिन शिकले ते माझ्या भाचीसाठी. ती सात वर्षांची असताना तिला सीलिअ‍ॅक हा आजार असल्याचे निदान झाले. या आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, आणि गहू, सातू (बार्ली) व राय ही धान्ये आयुष्यभर पूर्णपणे बंद करणे हाच त्यावरचा उपाय असतो. आपल्याला हा आजार असावा अशी शंका असलेल्यांनी तपासणीआधी स्वतःच्या मनाने गहू सोडू नये, कारण गहू बंद केल्यावर रक्ततपासणीत दोष दिसेनासा होतो आणि निदान लांबते.

आपल्याकडे पहिली चूक होते ती गहू ओळखण्यात. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया हा सगळा गहूच आहे, हे बहुतेकांना कळते, पण खपलीच्या बाबतीत सुशिक्षित माणसेही फसतात. खपली हा जुना आणि चवीला उत्तम गहू असला तरी तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन असते आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो अजिबात चालत नाही. सातूचे पीठही चालत नाही, मग ते खऱ्या सातूचे असो किंवा घरोघरी होते तसे गहू आणि डाळ्यांचे असो. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरांत मूठभर गहू असतोच. याउलट ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा आणि शिंगाडा या सर्वांत मुळातच ग्लुटेन नसते, त्यामुळे उपवासाच्या पिठांचा डबा या स्वयंपाकात फार उपयोगी पडतो.

दुसरी चूक गिरणीत होते, आणि ती आम्हीही केली. गिरणीत दळण ठेवताना आपण ‘ज्वारीवर दळा, बाजरीवर नको’ असे सवयीने सांगतो, कारण जात्यात आधीच्या धान्याचे पीठ उरलेले असते आणि ते आपल्या डब्यात उतरते, हे सर्वांनाच माहीत असते. चवीपुरता विचार केला तर तेवढे सांगणे पुरते. सीलिअ‍ॅकसाठी ते अजिबात पुरत नाही, कारण दिवसभर गहू दळणाऱ्या गिरणीत जात्यापासून पीठ उतरण्याच्या कापडी बोळापर्यंत सगळीकडे गव्हाचे पीठ बसलेले असते. घरातून गहू हद्दपार करून आठ महिने झाले तरी भाचीच्या रक्तातील प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीजचा) आकडा म्हणावा तसा उतरत नव्हता. आहारतज्ज्ञांनी एकेक पदार्थ विचारत शेवटी ‘ज्वारी कुठे दळता?’ असे विचारले, तेव्हा कोपऱ्यावरच्या गिरणीकडे आमचे लक्ष गेले. त्यानंतर बहिणीने घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही पडू दिला नाही. घरघंटी शक्य नसेल तर ‘ग्लुटेन-फ्री’ अशी नोंद असलेले बंद पाकिटातील पीठ घ्यावे. एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार असे लिहिण्यासाठी त्या पदार्थात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. धान्य घरी दळणार असलात तर आधी ते ताटात पसरून निवडावे, कारण सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात.

भांड्यांचेही तेच आहे. मैद्याची चाळणी कितीही धुतली तरी तिच्या जाळीत पीठ अडकून राहते, म्हणून चाळणी, लाकडी उलथने आणि मफिनचा साचा वेगळाच ठेवावा. केक करणाऱ्यांच्या हाताला साच्याला तूप लावून वर मैदा भुरभुरण्याची आणि फळांचे तुकडे मैद्यात घोळवण्याची सवय असते. इथे दोन्ही कामांना तांदळाची पिठी वापरावी. बेकिंग पावडरच्या डब्यावर कोणता स्टार्च लिहिला आहे तेही एकदा वाचावे. बहुतेकदा तो मक्याचा असतो, पण गव्हाचाही असू शकतो.

आता साहित्य पाहू. ज्वारीचे पीठ 130 ग्रॅम, मोदकासाठी करतो तशी धुऊन वाळवलेल्या तांदळाची बारीक पिठी 90 ग्रॅम आणि मिक्सरवर दळून चाळलेला साबुदाणा 40 ग्रॅम घ्यावा. बांधून ठेवण्यासाठी 5 ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, इसबगोल लागेल. सालीवर काळे ठिपके पडलेल्या तीन मध्यम केळ्यांचा गर 230 ग्रॅमच्या आसपास भरतो. दोन अंडी, 60 ग्रॅम ताजे दही, 110 ग्रॅम गुळाची पावडर, 70 मिलिलिटर वास नसलेले तेल, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ हे बाकीचे साहित्य. चिकूचे साल आणि बिया काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे 100 ग्रॅम लागतील. चिकू घट्ट पिकलेला हवा. बोटाने दाबताच खचणारा चिकू मिश्रणात विरघळून जातो. ही मापे वाटीने घेऊ नयेत, कारण प्रत्येक घरची वाटी निराळी असते आणि ज्वारीचे पीठ दाबून भरले की हलके भरले यावर वजनात चांगलाच फरक पडतो. साधा वजनकाटा असला तरी पुरे.

ज्वारीचे पीठ ताजे असावे. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी जशी तुटते तसे मफिनही तुटते, आणि जुन्या पिठाचा कडवटपणा गूळ झाकत नाही.

सर्वप्रथम उकड करावी. मोजलेल्या ज्वारीच्या पिठातील तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम पीठ, वाडग्यात काढून त्यावर 60 मिलिलिटर खळखळ उकळलेले पाणी एकदम ओतावे आणि चमच्याने जोरात घोटावे. सुरुवातीला गुठळ्या दिसतात, पण अर्ध्या मिनिटात पांढरट पीठ किंचित पारदर्शक होते आणि चमचा उचलला की त्याला चिकटून वर येते. पाणी नुसते कोमट असेल तर ही चमक येत नाही, आणि ती आली नसेल तर दुसरे पीठ घेऊन पुन्हा करावे. उकड झाकून कोमट होऊ द्यावी, कारण गरम उकडीत अंडी घातली तर ती तिथेच शिजतात.

केळी काट्याने कुस्करून त्यात गूळ, दही, तेल आणि अंडी फेटावीत, मग कोमट उकड घालून गुठळी राहणार नाही असे एकजीव करावे. उरलेली पिठे, साबुदाण्याचे पीठ, इसबगोल, मीठ, वेलची आणि जायफळ एकत्र चाळून त्यात मिसळावे, मात्र एक मोठा चमचा पिठी बाजूला ठेवावी. मैद्याच्या मफिनच्या प्रत्येक कृतीत जास्त ढवळू नका अशी ताकीद असते, कारण ढवळल्याने ग्लुटेन घट्ट होते. इथे घट्ट व्हायला ग्लुटेनच नाही, तेव्हा दोन मिनिटे मनसोक्त फेटावे. इसबगोल मिश्रणभर नीट पसरण्यासाठी ते गरजेचेही आहे.

यानंतर मिश्रण झाकून 30 मिनिटे ठेवावे. घाईची माणसे हीच पायरी गाळतात, आणि मग मफिन खाताना दाताखाली कचकच येते म्हणून पिठाला दोष देतात. ज्वारी आणि तांदूळ पाणी सावकाश पितात, इसबगोललाही फुगायला वेळ लागतो. अर्ध्या तासाने मिश्रण दिसण्याजोगे दाटते आणि चमच्यावरून सरसर न पडता इडलीच्या पिठासारखे जडपणे घसरते. फार घट्ट वाटले तर दोन चमचे दूध घालावे. अगदीच सैल वाटले तर पीठ वाढवण्याऐवजी आणखी दहा मिनिटे थांबावे.

सोडा आणि बेकिंग पावडर आतापर्यंत घातलेली नाही, ती मुद्दामच. सोडा दह्याला भेटताच वायू सुटू लागतो, आणि तो अर्धा तास वाडग्यात सुटत राहिला तर ओव्हनमध्ये फुगवायला काही उरत नाही. म्हणून मिश्रण मुरत असतानाच ओव्हन 200 अंशांवर तापत ठेवावा. तो पुरता तापल्यावर बाजूला ठेवलेल्या पिठीत सोडा आणि बेकिंग पावडर कालवून ती मिश्रणावर चाळावी, वीस-पंचवीस फेऱ्यांत भराभर मिसळावी, आणि शेवटी पिठीत घोळवलेले चिकूचे तुकडे अलगद घालावेत. कागदी कप लावलेले साचे तीन-चतुर्थांश भरून लगेच आत सरकवावेत.

पहिली पाच मिनिटे 200 अंश आणि नंतर 180 अंशांवर सतरा ते वीस मिनिटे भाजावे. सुरुवातीच्या जादा उष्णतेने माथा चांगला वर येतो. लहान ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या घरगुती ओव्हनमध्ये, तापणाऱ्या सळ्या साच्याच्या फार जवळ असतात, त्यामुळे साचा मधल्या खणात ठेवावा आणि पंधराव्या मिनिटानंतर एकदा फिरवावा, त्याआधी दार उघडू नये. मधोमध टोचलेली काडी बाहेर काढल्यावर तिला ओले पीठ लागलेले नसावे, एखादा दमट कण चालतो. ओव्हन नसेल तर आप्पेपात्र आहेच. त्यासाठी चिकूचे तुकडे आणखी बारीक करावेत, मंद आचेवर झाकण ठेवून साधारण पाच मिनिटे एक बाजू आणि उलटून दोन मिनिटे दुसरी बाजू भाजावी. रूप मफिनचे येत नाही, पण मुलांना तेच अधिक आवडतात असा माझा अनुभव आहे.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी मफिन साच्यातून जाळीवर काढावेत आणि तासभर हात लावू नये. गरम असताना आतला स्टार्च अजून स्थिरावलेला नसतो, आणि त्या वेळी फोडलेले मफिन कच्चे, चिकट वाटते. तेच मफिन तासाभराने मऊ आणि हलके लागते.

अंडी चालत नसतील तर दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून घालावी आणि इसबगोल 8 ग्रॅम करावे. मफिन थोडे बसके होते आणि पाच मिनिटे जास्त भाजावे लागते. अंड्याच्या मफिनइतके फुगण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.

फळे ऋतूप्रमाणे बदलता येतात, पण प्रत्येकाचे पाणी निराळे असते. उन्हाळ्यात केळ्याऐवजी आमरस घ्यायचा असेल तर 400 ग्रॅम रस मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवावा, नाहीतर मफिन खाली गिचका होते. स्ट्रॉबेरीचे तुकडे मिश्रणात न घालता वरून दाबून बसवावेत. अननस साखरेत शिजवून, निथळून मगच वापरावा. जांभळाचा मोह टाळावा, कारण त्याचा जांभळा रंग सोड्याच्या संगतीत हिरवट-राखाडी होतो आणि मफिन शिळे असल्यासारखे दिसते. खजूर घ्यायचा तर अख्खा घेऊन घरी चिरावा. बाजारात चिरून मिळणारा खजूर चिकटू नये म्हणून पिठात घोळवलेला असू शकतो, आणि ते पीठ कशाचे हे पाकिटावर लिहिलेलेच असेल असे नाही. बरक्या फणसाचा रस हाताशी असेल तर मात्र मफिनचा घाट न घालता सरळ सांदणे करावीत. तांदळाच्या कण्या, फणसाचा रस आणि गूळ यांचा तो कोकणी पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ग्लुटेनमुक्तच आहे, आणि वाफेवर तो फणसाला जो न्याय देतो तो ओव्हनला जमत नाही.

हे मफिन पहिल्या दिवशी उत्तम आणि दुसऱ्या दिवशी बरे लागतात. फ्रीजमध्ये ठेवले तर ते उलट लवकर कडक होतात, कारण शिजलेला स्टार्च थंडीत भराभर आखडतो. पावसाळ्यात तर बाहेर ठेवलेल्या मफिनवर तिसऱ्या दिवशी बुरशी दिसू शकते. म्हणून त्या दिवशी खायचे तेवढे बाहेर ठेवून उरलेले गार होताच एकेक करून गुंडाळावेत आणि झाकणावर ठळक अक्षरांत नाव घातलेल्या स्वतंत्र डब्यात फ्रीझरमध्ये ठेवावेत. तिथे ते महिनाभर टिकतात. सकाळी सात वाजता फ्रीझरमधून काढून तसेच शाळेच्या डब्यात टाकलेले मफिन मधल्या सुट्टीपर्यंत पुरते मऊ झालेले असते.