माडीची जमीन खचतेय? कडीपाट दुरुस्त करताना या चुका टाळा

माडीवर कुणी चाललं की खालच्या कपाटातल्या बरण्या किणकिणतात. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या मराठी घरांत हा आवाज ओळखीचा आहे. ही घरं कडीपाटाची: सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा भराव आणि वर फरशी. बरण्या वाजायला लागल्या की कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलावून वरून काँक्रीट ओतून घ्यायचं, ही सगळ्यात मोठी चूक.

आत्याच्या घरी हेच झालं. माडी मधोमध दोन बोटं खचली होती, ती सपाट करायला दोन इंच काँक्रीट टाकलं. १० बाय १२ फुटांच्या खोलीत तेवढ्या थराचं वजन साधारण १३५० किलो होतं. आधीच वाकलेल्या कड्यांवर एक मोटार नेऊन उभी करावी, तसं. शिवाय ओल्या काँक्रीटचं पाणी पाटांतून कड्यांत उतरलं. पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीचं दार चौकटीला घासू लागलं, तेव्हा कुठे आम्ही वर मान करून पाहिलं.

आणि पाहिलं तेही चुकीच्या जागी. झोळ मधे दिसतो म्हणून मी शिडी मधेच लावली. तिथलं लाकूड खणखणीत वाजलं. मग भिंतीकडे सरकलो. वर जिथे मोरी आहे, त्या कोपऱ्यात कडीचं भिंतीत गेलेलं टोक अगदी धडधाकट दिसत होतं, तेलरंगही शाबूत. पेचकस (स्क्रूड्रायव्हर) टेकवून जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला तपकिरी, ओलसर भुसा चिकटला होता. कडी वाकते मधे, पण सडते बहुतेक वेळा टोकाला, कारण भिंतीतली ओल तिथे कोंडते. म्हणून प्रत्येक कडीची दोन्ही टोकं ठोकून पाहा. बद्द आवाज आला की पेचकस लावा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवीचा बंदोबस्त आधी करा. आणि मोरीची गळती थांबल्याशिवाय नवं लाकूड आणूच नका, नाहीतर तेही त्याच वाटेने जाईल.

झोळ नजरेने ठरवू नका. कडीच्या दोन्ही टोकांखाली झोळापेक्षा जाड, सारख्या उंचीचे ठोकळे धरून त्यांखालून दोरी ताणा. मधे कडी आणि दोरीतलं अंतर ठोकळ्याच्या उंचीपेक्षा जितकं कमी, तितका झोळ. १२ फुटी कडीला १० मिमीपर्यंत झोळ चालतो. त्याहून जास्त असेल तर आकडा आणि तारीख भिंतीवर पेन्सिलीने लिहा, महिन्याने पुन्हा मोजा. वर्षानुवर्षं तेवढाच राहिलेला झोळ आणि वाढत चाललेला झोळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता उचलण्याबद्दल. जॅक लावून एका दिवसात जमीन सरळ करून देतो म्हणणारा मिस्त्री असेल तर त्याला नम्रपणे परत पाठवा. आधी वरचं ओझं उतरवा. चार इंच मातीचा भरावच त्याच खोलीत पावणेदोन टनांच्या घरात जातो. तो काढला की कड्या थोड्या आपोआप मोकळ्या होतात. मग चार-पाच कड्यांखालून एक आडवं लाकूड घालून त्याखाली जॅक लावा. जॅकचा पाया फरशीवर नको, जाड फळीवर. दिवसाला एक-दोन मिलिमीटर, बस. घाईने उचललं की सांधे फाटतात आणि भिंतीचा गिलावा तडकतो.

तडा गेलेल्या कडीला दोन फुटांचा तुकडा खिळ्यांनी ठोकणं म्हणजे नुसतं मनाचं समाधान. जोडकडी, म्हणजे जुनीला लागून बसवायची नवी कडी, पूर्ण लांबीची हवी, दोन्ही टोकांना टेकू मिळालेली, आणि आरपार बोल्ट व मोठे वॉशर लावून आवळलेली. ती उभीच बसवा. कडीचा ताठपणा उंचीच्या घनात वाढतो: रुंदी तीच ठेवून चार इंचांऐवजी सहा इंच उंची घेतली, तर ताठपणा जवळजवळ साडेतीन पट होतो.

टोकंच सडली असतील तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: भिंत फोडत बसू नका. भिंतीलगत, जिथून चांगलं लाकूड सुरू होतं तिथे कड्यांखालून लोखंडी गर्डर घ्या आणि त्याला दोन्ही बाजूंनी स्वतःचे खांब द्या. पोळातल्या, म्हणजे अरुंद गल्लीत एकमेकांना चिकटलेल्या, घरांची भिंत बहुतेक वेळा सामाईक असते. आपण इकडून छिन्नी चालवली की शेजाऱ्यांच्या कड्या हलतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं होतं, त्यांनी तळमजल्यावरच्या लाकडी खांबांचे पायही तपासावेत. खांबाचा पाय कुजलेला असेल तर वरचं सगळं काम वाया.

कड्यांची भिंतीतली टोकं सिमेंटने गच्च बंद करू नका, भोवती हवेला फट ठेवा. नळवाल्याला कडीच्या खालच्या अंगाला खाच पाडू देऊ नका. भोक पाडायचंच तर उंचीच्या मधोमध आणि लहान. मुख्य तुळईलाच तडा असेल किंवा भिंत पोट काढत असेल, तर हे काम मिस्त्रीचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

लाकूड वाळलेलंच घ्या. तरीही ते थोडं आकसतं, म्हणून पहिला उन्हाळा सरला की पाना घेऊन शिडीवर चढा आणि एकेक बोल्ट पुन्हा आवळा. आत्याकडे बावीसपैकी नऊ बोल्ट हाताने फिरतील इतके सैल झाले होते.