रेडिओ अल्टिमीटरचा स्नॅग आलेल्या विमानासाठी रात्रपाळीची तयारी

पायलटने वाटेतूनच कळवलेलं असतं की डावा रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे जमिनीपासूनची उंची रेडिओ लहरींनी मोजणारं यंत्र, मध्येच भलतं काहीतरी दाखवतो. विमान रात्री गेटला लागणार आणि पहाटे तेच परत जाणार. मधल्या चार-पाच तासांत काय हाताशी हवं, कशाला आधी हात घालायचा आणि सहीच्या आधी कशाची खात्री करायची, हे लाइन मेंटेनन्सला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितो आहे. को-पायलट होऊ घातलेल्यांनीही वाचावं, कारण यातला निम्मा भाग त्यांच्या अंगावर येणारा आहे.

टूलबॉक्स नंतर. विमान यायच्या आधी त्याचा इतिहास काढून ठेवा. मागच्या महिन्याभराच्या टेक लॉगच्या (विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या वहीच्या) नोंदी, डिफर केलेल्या, म्हणजे दुरुस्ती पुढे ढकललेल्या स्नॅगची (बिघाडांची) यादी, कुठला बॉक्स (यंत्राची बदलता येणारी पेटी) कधी बदलला, कुठल्या अनुक्रमांकाचा बसवला, हे सगळं. नोंदी शोधताना फक्त ‘रेडिओ अल्टिमीटर’ या नावाखाली शोधू नका. हा बिघाड दुसऱ्याच नावाने लिहिलेला सापडतो: लँडिंग गिअरचा हॉर्न अवेळी वाजला, ऑटोथ्रॉटल (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) सुटलं, जमिनीच्या जवळ नसताना ‘टेरेन’चा इशारा आला, ऑटोपायलट अप्रोचवर (उतरायला धावपट्टीकडे येताना) टिकला नाही. वेगवेगळ्या पायलटांनी वेगवेगळ्या दिवशी लिहिलेल्या या तीन-चार ओळी एका कागदावर उतरवल्या की अनेकदा चित्र तिथेच उभं राहतं. आणि ज्या नोंदीपुढे ‘ग्राउंड टेस्ट केली, दोष आढळला नाही’ एवढंच लिहून सही केलेली असेल, तिच्याभोवती गोल करा. हा बिघाड जमिनीवर दिसत नाही हे त्याचं मुख्य लक्षण आहे. टेस्ट पास झाली याचा अर्थ टेस्ट पास झाली, इतकाच.

मी इतिहासावर एवढा जोर का देतो, ते २५ फेब्रुवारी २००९ ला अॅमस्टरडॅमला जे घडलं त्यावरून कळेल. टर्किश एअरलाइन्सचं १९५१ क्रमांकाचं बोईंग ७३७-८०० इस्तंबूलहून स्किपोल विमानतळावर उतरत होतं. सुमारे १९५० फुटांवर असताना डाव्या रेडिओ अल्टिमीटरचा आकडा एकदम उणे ८ फूट झाला. म्हणजे विमान जमिनीवर टेकलंय, असं त्या यंत्राचं म्हणणं. या विमानात ऑटोथ्रॉटल डाव्या अल्टिमीटरचं ऐकायचं. डावा ‘मी बिघडलोय’ असं स्वतः सांगेल तेव्हाच ते उजव्याकडे वळायचं. इथे डाव्याने तसं सांगितलं नाही. त्याने उणे ८ हा आकडा खरा म्हणून पुढे पाठवला आणि ऑटोथ्रॉटलने टेकताना करायचं काम हवेतच केलं: थ्रस्ट आयडलला, म्हणजे इंजिनांचा जोर अगदी किमान पातळीला, आणला. उजवा अल्टिमीटर बरोबर होता, उजवा ऑटोपायलट त्याच्या भरवशावर ग्लाइडस्लोप (धावपट्टीकडे नेणारी उतरती रेडिओ-वाट) धरून विमानाचं नाक वर वर नेत राहिला आणि वेग उतरत गेला. विमान ग्लाइडस्लोपला वरून येऊन मिळालं होतं, त्यामुळे वेग कमी होणं सुरुवातीला सगळ्यांना अपेक्षितच होतं. बिघाडावर पांघरूण पडलं ते तिथे. ठरवलेला वेग १४४ नॉट होता. ४६० फुटांवर स्टिक शेकर (वेग घातक कमी झाल्याचा इशारा देणारं यंत्र) थरथरला तेव्हा तो १०७ वर आला होता. धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे विमान शेतात कोसळलं. १३५ पैकी ९ जण गेले. त्यांत कॉकपिटमधले तिन्ही पायलट होते.

नेदरलँड्सच्या सुरक्षा मंडळाच्या तपासात पुढे आलेली एक गोष्ट प्रत्येक लाइन इंजिनिअरने लक्षात ठेवावी अशी आहे. त्याच विमानाच्या आधीच्या आठ उड्डाणांत हाच प्रकार दोनदा झालेला होता. दोन्ही वेळा पायलटांनी ऑटोथ्रॉटल काढून हाताने विमान उतरवलं आणि गोष्ट तिथेच मिटली. विमानाला बिघाड ठाऊक होता, कागदाला नव्हता. म्हणून तयारीतलं पुढचं काम: विमान लागलं की पायलट उतरून जायच्या आत त्यांना गाठा. त्यांच्या ड्युटीचे तास संपत आलेले असतात, हॉटेलची गाडी उभी असते, तरी पाच मिनिटं मागा. प्रश्न आधीच लिहून ठेवा. आकडा कुठल्या उंचीवर बिघडला? हळूहळू सरकला की एकदम उडाला? बिघाड दाखवणारी पट्टी आली की यंत्र शहाण्यासारखं खोटा आकडाच दाखवत राहिलं? त्या वेळी पाऊस होता का, ढगातून येत होते का? कुठला ऑटोपायलट लावलेला होता, ऑटोथ्रॉटलने काही केलं का? आणि मागच्या सेक्टरला (उड्डाणाला) असं काही झालं होतं का, जे त्यांनी लिहिलं नाही? शेवटचा प्रश्न आरोपाच्या सुरात विचारू नका, म्हणजे उत्तर मिळतं.

आता हत्यारं. हँगरमधून मागवायच्या गोष्टी आधीच सांगून ठेवा, मध्यरात्री स्टोअर शोधत बसू नका. एक तपासलेला रेडिओ अल्टिमीटर बॉक्स आणि त्याचं सर्टिफिकेट, अँटेनाची जोडी, त्याखाली बसणारी गॅस्केट, मॅन्युअलमध्ये दिलेलंच सीलंट, कनेक्टर साफ करायचं सामान, केबल तपासायचं मीटर, पोटाखाली झोपून काम करायला चटई आणि चांगला दिवा. अँटेना विमानाच्या पोटाखाली असतात: प्रत्येक संचाला एक पाठवणारी, एक घेणारी. ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या लहरी खाली जातात, जमिनीवरून परत येतात आणि त्या येण्याजाण्यातून उंची काढली जाते, तीही सुमारे अडीच हजार फुटांपर्यंतच. पाठवणाऱ्या अँटेनातून लहर थेट शेजारच्या अँटेनात गळली, तर यंत्राला वाटतं की जमीन अगदी लागून आहे. पाणी, गंज, सैल कनेक्टर, निघालेलं सीलंट, अँटेनावर चुकून चढवलेला रंग, यांतलं काहीही तेवढ्याला पुरतं. केबलची लांबी ठरलेली असते, कारण तिच्यातून जायला लागणारा वेळ हिशेबात धरलेला असतो. तात्पुरती म्हणून दुसरी लांबी लावायची कल्पना मनातही आणू नका.

बॉक्स डावा-उजवा अदलाबदल करून दोष बॉक्ससोबत जातो की जागेवर राहतो हे पाहायची पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण आपल्या घाईत ती घातकही होऊ शकते. अदलाबदल केली म्हणजे एकाच रात्री, एकाच माणसाच्या हातून दोन्ही संचांना हात लागला. दुसऱ्या इंजिनिअरची स्वतंत्र तपासणी त्यासाठी आधीच ठरवून ठेवा. माणूस मिळत नसेल तर अदलाबदल करू नका, डावा बॉक्स बदला आणि काढलेल्या बॉक्सच्या टॅगवर पायलटने सांगितलेली हकिकत जशीच्या तशी लिहा. ‘यू/एस’ (निकामी) एवढ्याच दोन अक्षरांनी शॉपला (दुरुस्तीच्या कारखान्याला) काही कळत नाही; बॉक्स तिथेही टेस्ट पास करतो आणि महिन्याभराने दुसऱ्या विमानात बसून परत येतो.

दोष सापडला नाही, वेळ संपत आली, तर एमईएल, म्हणजे काय निकामी असताना विमान कुठल्या अटींवर उडू शकतं त्याची मंजूर यादी. ते पान आधी वाचून ठेवलेलं असावं. वर्ग बघा: ‘बी’ म्हणजे तीन दिवस, ‘सी’ म्हणजे दहा, नोंदीचा दिवस सोडून. पण दिवसांपेक्षा त्या पानावरच्या देखभालीच्या आणि उड्डाणाच्या अटी महत्त्वाच्या. बोईंगने ७३७ साठी २००४ मध्येच सूचना दिली होती की उड्डाणाआधी रेडिओ अल्टिमीटर निकामी असेल तर त्याच्याशी जोडलेला ऑटोपायलट किंवा ऑटोथ्रॉटल अप्रोच आणि लँडिंगला वापरू नये. स्किपोलला ती उपयोगी पडली नाही, कारण अल्टिमीटर ‘निकामी’ म्हणून कुठे नोंदलेलाच नव्हता. माझं ठाम मत असं: मधूनमधून खोटा आकडा देणारं यंत्र कागदावर चालू ठेवण्यापेक्षा रीतसर निकामी ठरवून, अटी लावून पाठवलेलं विमान जास्त सुरक्षित असतं. कमर्शियलवाल्यांचा फोन येईल, डिस्पॅच (उड्डाणाचं नियोजन करणारे) विचारेल की टेस्ट पास आहे ना. उत्तर तयार ठेवा.

डिफर केलं की त्याच्यासोबत काय काय जातं तेही लिहून ठेवा. जमिनीच्या जवळिकीचा इशारा देणारी यंत्रणा, विंडशिअरचा (वाऱ्याच्या अचानक बदलाचा) इशारा, टीकॅसचे (हवेतली टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचे) जमिनीजवळचे नियम, ऑटोलँड (विमानाचं आपोआप उतरणं), हे सगळे रेडिओ अल्टिमीटरचं ऐकतात. विमानाची कॅट टू, कॅट थ्री (कमी दृश्यमानतेत उतरण्याची) पात्रता उतरवावी लागते आणि ती उतरवल्याची नोंद कॉकपिटमध्ये दिसेल अशी लावावी लागते. पहाटेचं उड्डाण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं असेल तर धुक्यात हाच कळीचा प्रश्न आहे, म्हणून डिस्पॅचला रात्रीच सांगा, पहाटे पाचला नाही. सकाळच्या पायलटांना तोंडी सांगायचं वाक्यही ठरवून ठेवा: कुठला अल्टिमीटर, काय खोटं दाखवत होता, आणि अप्रोचला ऑटोथ्रॉटलवर विसंबायचं नाही.

आदेशांची तपासणी हा वेगळा कागद. स्किपोलनंतर काही वर्षांनी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने ७३७ च्या ऑटोथ्रॉटलमध्ये दोन्ही अल्टिमीटरच्या आकड्यांची तुलना व्हावी यासाठी संगणक बदलण्याचा आदेश काढला. आपल्या विमानात कुठला भाग क्रमांक बसलेला आहे हे ठाऊक असू द्या. दुसरा विषय फाइव्ह-जीचा. अमेरिकेत मोबाइल कंपन्यांना ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा मिळाला, अल्टिमीटरच्या पट्ट्याच्या बराच जवळ, आणि डिसेंबर २०२१ मध्ये एफएएने बाधित विमानतळांवर कमी दृश्यमानतेतल्या काही अप्रोचना बंदी घातली. १९ जानेवारी २०२२ ला ती सेवा सुरू व्हायची होती त्या दिवशी एअर इंडियाने मुंबई-नेवार्कसह अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली होती. पुढे तिथे हस्तक्षेप सहन करणारे अल्टिमीटर किंवा फिल्टर १ फेब्रुवारी २०२४ पर्यंत बसवणं विमान कंपन्यांना सक्तीचं झालं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झचे टॉवर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत उभारू नयेत असं कळवलं, विमानांचे फिल्टर बदलून होईपर्यंत. त्यामुळे स्नॅग एकाच विमानतळावर, एकाच टप्प्यावर परत परत येत असेल आणि दुसऱ्या विमानांनाही येत असेल, तर बॉक्स बदलत बसू नका. जागा आणि वेळ नोंदवून वर कळवा.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरबद्दल थोडक्यात, कारण रात्री विमान धुतलंही जाणार असेल. त्याचे कान म्हणजे बाजूच्या पत्र्यातली स्टॅटिक पोर्टची बारीक भोकं. २ ऑक्टोबर १९९६ ला एरोपेरूचं ६०३ हे बोईंग ७५७ लिमाहून रात्री निघालं तेव्हा धुताना लावलेली चिकटपट्टी त्या भोकांवर तशीच राहिली होती. पायलटांनी कंट्रोलरला उंची विचारली. त्याने पडद्यावरची सांगितली, आणि तीही त्याच विमानाच्या ट्रान्सपाँडरने पाठवलेली होती. एकाच शेजाऱ्याकडून ऐकलेली बातमी दोघांनी सांगितली म्हणून ती पक्की होत नाही. यंत्र ९७०० फूट दाखवत असताना विमान समुद्राला टेकलं, ७० जण गेले. म्हणून भोकं झाकायची ती लाल झालर लोंबणाऱ्या ठरलेल्या झाकणांनीच, झाकल्याची नोंद लॉगमध्ये, आणि झाकणं काढल्यावर हात लावून पाहणं. चांदीच्या रंगाची पट्टी उघड्या पत्र्यावर टॉर्चने दिसत नाही. स्टॅटिकची नळी उघडली असेल तर गळतीची चाचणी झाल्याशिवाय विमान आरव्हीएसएमच्या पट्ट्यात, म्हणजे २९ ते ४१ हजार फुटांत जाऊ शकत नाही. तिथे वर-खाली विमानांत फक्त एक हजार फूट असतात. पायलट निघण्याआधी दोन्ही मुख्य अल्टिमीटर विमानतळाच्या ठाऊक उंचीशी ७५ फुटांच्या आत जुळतात का ते पाहतील, वर गेल्यावर ते एकमेकांशी २०० फुटांच्या आत हवेत. आदल्या सेक्टरचे हे आकडे त्यांच्याकडून मागून घ्या. फरक हळूहळू वाढत असेल तर तो मर्यादा ओलांडायच्या आधीच दिसतो.

सही केल्यावर एक कागद उरतो, पुढच्या पाळीसाठी. त्यावर केलेलं काम तर लिहाच, पण न सापडलेलंही लिहा: केबल तपासली, कनेक्टर कोरडा होता, अँटेनाखाली ओल नव्हती, दोष अजून उघड नाही. विमान पुढच्या स्टेशनला उतरलं की तिथल्या इंजिनिअरला फोन करून विचारायचं की अप्रोचला डाव्याचे आणि उजव्याचे आकडे एकत्र चालले का, आणि तो फोन कोण करणार त्याचं नाव त्याच कागदावर.