फोटोंचं बिऱ्हाड ड्राइव्हवर हलवताना

नाशिकमध्ये गोदेला पूर आला की किती क्युसेक पाणी सोडलं हे कोणी विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं, एवढंच विचारतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या मॅकबुकच्या डिस्कमध्ये पाणी मारुतीच्या गळ्यापर्यंत आलं होतं. 256 जीबीपैकी उरले होते 11. त्यात कार्ड भरून नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातले फोटो आणले की मशीन कण्हायला लागायचं.

माझे फोटो बहुतेक पक्ष्यांचेच. मधेमधे रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), 2015च्या सिंहस्थातलं रामकुंड, नातवाचं बारसं. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत, सगळे मिळून 312 जीबी. मॅकवर मात्र लायब्ररी दिसायची 84 जीबीची, कारण ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू होतं. म्हणजे मोठे मूळ फोटो वर, आणि घरात बहुतांशी त्यांच्या छोट्या प्रती. 312चा माल 256च्या घरात उतरवून घेऊन मग हलवणं शक्यच नव्हतं. म्हणून क्रम उलटा: आधी आहे ती लहान लायब्ररी बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर न्यायची, आणि मूळ फोटो थेट तिथेच उतरवायचे.

हात लावण्याआधी माझ्या जावेची गोष्ट ऐका. ती सिन्नरला असते. फोन भरला म्हणून तिने फोनमधले चार हजार फोटो काढून टाकले. का, तर ‘कॉम्प्युटरवर आहेतच की!’ संध्याकाळी कॉम्प्युटरवरूनही गेले. सिंक म्हणजे तेच ते: एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. नशीब, पुसलेले फोटो ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये तीस दिवस राहतात, त्यातून परत आणले. तर लक्षात ठेवा, फोटोज ॲपच्या आत जाऊन फोटो पुसला तर तो क्लाउडवरूनही जातो. पण फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकवर फाइली दिसतात त्या खिडकीत, दिसणारी लायब्ररीची अख्खी फाइल कचऱ्यात टाकली, तर क्लाउडला त्याचं सोयरसुतक नसतं. माझ्या सगळ्या मैत्रिणींचा गोंधळ इथेच होतो, आणि भीतीही नेमकी उलटी वाटते.

आता ड्राइव्ह. एमजी रोडवरचा दुकानदार म्हणाला, ‘ताई, तेवढ्याच पैशात दोन टीबीची हार्ड डिस्क येते, एसएसडी कशाला?’ मी एक टीबीची एसएसडीच घेतली, तिच्यात फिरती तबकडी नसते. फोटो लायब्ररी दिसायला एक फाइल असते, पण आत हजारो बारक्या फाइली असतात. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर त्या शोधताना जीव जातो. साठवणीसाठी हार्ड डिस्क चालेल, रोजच्या वापरासाठी नको.

घरी आले आणि उत्साहात सरळ कॉपी करून मोकळी झाले. तिथेच फसले. दुकानातून आलेला ड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये होता आणि फोटोजने ती लायब्ररी वापरायला नकार दिला. पाऊण तास पाण्यात. फोटोजला मॅकचा एपीएफएस किंवा जुना ‘मॅक ओएस एक्सटेंडेड’ फॉरमॅट लागतो. मॅकमधलं डिस्क युटिलिटी ॲप उघडा, ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा, यादीत ड्राइव्हची सगळ्यात वरची ओळ धरा, ‘इरेज’ दाबा. फॉरमॅट एपीएफएस, स्कीम ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’. ड्राइव्हवर आधी काही असेल तर ते जाईल, आणि नंतर तो विंडोजवाल्या लॅपटॉपवर साधासुधा उघडणार नाही. टाइम मशीनचा, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या सोयीचा, बॅकअप ज्या डिस्कवर जातो, ती डिस्क यासाठी वापरू नका.

पुढचं काम दहा मिनिटांचं आणि वाट बघण्याचं. फोटोज पूर्ण बंद करा. खिडकी मिटवून भागत नाही, ‘क्विट’ करा. फाइंडरमध्ये ‘पिक्चर्स’ फोल्डरातली ‘फोटोज लायब्ररी’ ओढून ड्राइव्हवर सोडा. ओढल्याने ती कॉपी होते, जुनी जागच्या जागी राहते. ती अजून पुसू नका. परवानगी नाही असा संदेश आला, तर ड्राइव्हच्या ‘गेट इन्फो’मध्ये सगळ्यात खाली ‘इग्नोर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम’वर खूण करा.

कॉपी झाली की ऑप्शनची कळ दाबून धरून फोटोज उघडा. कुठली लायब्ररी, असं ते विचारेल, ड्राइव्हवरची निवडा. मग सेटिंग्जच्या ‘जनरल’मध्ये ‘युज ॲज सिस्टीम फोटो लायब्ररी’. हे बटण विसरलात तर आयक्लाउडचा पर्यायच मिळत नाही, कारण मॅकवर एका वेळी एकच लायब्ररी क्लाउडशी बोलते. त्यानंतर ‘आयक्लाउड’ टॅबमध्ये आयक्लाउड फोटोज चालू करा आणि ‘डाउनलोड ओरिजिनल्स टू धिस मॅक’ निवडा. नाव ‘धिस मॅक’ असलं तरी फोटो लायब्ररी जिथे आहे तिथेच, म्हणजे ड्राइव्हवर उतरतात.

सुरुवातीला खाली ‘अपलोडिंग’सारखं काहीतरी दिसतं आणि छातीत धस्स होतं. सगळे फोटो पुन्हा वर चालले नाहीत. इथे काय आहे आणि तिथे काय आहे, याची ती जुळवणी चालते. तेव्हा काही बंद करू नका.

आमच्याकडे 100 एमबीपीएसची लाइन आहे. 312 जीबीला कागदावर साधारण सात तास. प्रत्यक्षात चार रात्री गेल्या. लॅपटॉप चार्जरवर, झाकण उघडं, आणि बॅटरीच्या ‘ऑप्शन्स’मध्ये स्क्रीन बंद असताना मशीन झोपू नये ही सोय चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी केर काढताना टेबल सरकवलं आणि केबल निसटली. इजेक्ट न करता ड्राइव्ह सुटणं ही या व्यवस्थेतली खरी जोखीम. परत जोडल्यावर लायब्ररी उघडेना. ऑप्शन आणि कमांड दोन्ही कळा दाबून फोटोज उघडलं, ‘रिपेअर’ दाबलं, दुपारपर्यंत ते चाललं आणि ठीक झालं. त्या दिवशी मी केबल टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने बांधली. दिसतं गावठी, पण आजवर निसटलेली नाही.

सगळं उतरलं असं लिहून आलं तरी विश्वास ठेवू नका. वायफाय बंद करा आणि जुने, अधूनमधूनचे दहा-बारा फोटो उघडून मोठे करा. मी नांदूरची एक जांभळी पाणकोंबडी उघडली, 2016ची. कपाळावरच्या लाल ढालीची कड आणि चोचीला लागलेला शेवाळाचा धागा स्पष्ट दिसला, म्हणजे मूळ फोटो घरात आलाय. रामकुंडाचा एक व्हिडिओ मात्र चालेना. वायफाय सुरू करून आणखी एक रात्र दिली. शेवटी खालचा आकडा, इतके फोटो, इतके व्हिडिओ, फोनमधल्या आकड्याशी ताडून पाहिला.

मग कुठे ‘पिक्चर्स’मधली जुनी लायब्ररी कचऱ्यात टाकली आणि कचरापेटी रिकामी केली. मारुतीचे पाय दिसायला लागले.

ड्राइव्ह लावल्याशिवाय फोटोज उघडायचं नाही, हे आता अंगवळणी पडलंय. लायब्ररी सापडत नाही म्हणाल्यावर घाईने नवी रिकामी लायब्ररी बनवलीत, तर निष्कारण गुंता होतो.

एक काम राहतंच. टाइम मशीन बाहेरचे ड्राइव्ह आपणहून बॅकअपमध्ये घेत नाही; सेटिंग्जमध्ये वगळलेल्यांच्या यादीतून ड्राइव्ह काढावा लागतो. मी त्याऐवजी दुकानदाराची ती स्वस्त हार्ड डिस्क शेवटी घेतलीच, तीही एपीएफएस करून, आणि दर अमावस्येच्या आसपास फोटोज बंद करून लायब्ररीची पूर्ण प्रत तिच्यावर टाकते. त्या प्रतीला ‘सिस्टीम फोटो लायब्ररी’ कधीच करत नाही. ती डिस्क आधी बहिणीकडे ठेवणार होते, पण तिचं घर सराफ बाजारात. तिथे पुराचं पाणी दुकानांत शिरतं. म्हणून ती सिडकोत मुलीकडे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे.